इनडोअर सॉकर खेळलेल्याने कोच व्हावं का?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: "दादा, मी ३१ वर्षांचा, मूळचा कोल्हापूरचा, सध्या न्यू जर्सीत नोकरीला. सहा वर्षं इथल्या इनडोअर लीगमध्ये खेळतोय. आता गुडघा बोलायला लागलाय. मुलाच्या क्लबने विचारलंय, दहा वर्षांखालच्या पोरांची टीम घेता का. पण अकरा जणांचा मैदानी फुटबॉल मी कॉलेजनंतर खेळलेलोच नाही. भिंतीत खेळलेल्याला कोच म्हणून कोण विचारतं? आणि पुढे यात काही करिअर आहे का?"

दादा म्हणालास, म्हणून सरळ अरे-तुरेवर येतो. आधी माझं सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याचं वजन किती धरायचं ते तुला ठरवता येईल. मी १९९९ पासून सीॲटलच्या दक्षिणेकडच्या उपनगरात राहतो. चौदा वर्षं मोठ्यांच्या इनडोअर लीग खेळलो, तीही रात्री साडेदहाच्या मॅच, कारण चांगल्या वेळा कायम दुसऱ्यांच्या वाट्याला. व्यावसायिक खेळाडू कधीच नव्हतो. गेली अकरा वर्षं दहा ते चौदा वयोगटाची पोरं-पोरी शिकवतो, हिवाळ्यात आत आणि वसंतात बाहेर. नोकरी वेगळी आहे, घर तिच्यावर चालतं.

एक घोळ आधीच मिटवू. आपल्याकडचे लोक फुटसाल, पुण्या-मुंबईतला टर्फ आणि अमेरिकेतला इनडोअर सॉकर हे सगळं एकाच पोत्यात भरतात. फुटसालला भिंत नसते. ४० बाय २० मीटरचं कडक कोर्ट, कमी उसळणारा चार नंबरचा चेंडू, रेषेबाहेर गेला की बाहेर. तू खेळतोस ते आइस हॉकीच्या रिंकमधून जन्मलेलं आहे. साधारण २०० फूट बाय ८५ फुटांचं आवार, बर्फाच्या जागी कृत्रिम गवत, भोवती बोर्ड, गोलकीपर धरून सहा जण, हवी तेव्हा बदली आणि निळं कार्ड मिळालं की दोन मिनिटं मैदानाबाहेरच्या कोठडीत. ऑफसाइड नाही. चेंडू भिंतीला लागून परत येतो आणि खेळ चालूच राहतो. १९७८ मध्ये मेजर इनडोअर सॉकर लीग सुरू झाली आणि १९९२ मध्ये बंद पडली. मधल्या काळात या देशात फुटबॉलवर पोट भरायचं तर बहुतेकांना या भिंतींमध्येच शिरावं लागे. अव्वल दर्जाची मैदानी व्यावसायिक लीग १९८४ नंतर उरलीच नव्हती आणि आजची मेजर लीग सॉकर, म्हणजे एमएलएस, सुरू झाली ती १९९६ ला. हा बारा वर्षांचा खड्डा डोक्यात ठेव. आज पन्नाशी-साठीत असलेल्या अमेरिकन कोचपैकी कितीतरी जण त्या खड्ड्यातून भिंतीला धरूनच वर आलेत. तेव्हा 'भिंतीत खेळलेल्याला कोण विचारतं' हा प्रश्न निदान या देशात तरी उलटा आहे.

आता माझ्या गावाजवळची गोष्ट सांगतो. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिच्यातच सापडलं.

टॅकोमा इथून अर्ध्या तासावर. तिथे लाकडी घुमटाचं एक प्रचंड सभागृह आहे, टॅकोमा डोम. १९८७ च्या जूनमध्ये इनडोअर लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना तिथे झाला, टॅकोमा स्टार्स विरुद्ध डॅलस साइडकिक्स. प्रेक्षक २१,७२८. आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब यांची मॅच असताना कसं असतं तुला माहीत आहे. तेच छपराखाली आणि आवाजाला बाहेर पडायला वाट नाही असं समज. डॅलसने जादा वेळेत ४–३ ने जिंकलं. मी तेव्हा कोल्हापुरात सायकलवर शाळेत जात होतो. पण इथली जुनी मंडळी तो पराभव अजून कालचा असल्यासारखा सांगतात.

त्या स्टार्समध्ये एक सर्बियन होता, प्रेड्रॅग रादोसावल्येविच. एवढं नाव कोण घेणार, म्हणून सगळे त्याला प्रेकी म्हणत. बेलग्रेडच्या रेड स्टारमधला हा मुलगा, आर्सेनलचे जुने खेळाडू बॉब मॅकनॅब यांनी १९८५ मध्ये टॅकोमाला आणला. सगळा खेळ डाव्या पायाचा. उजवीकडे जातोय असं दाखवून डावीकडे कापायचा. समोरच्याला ते माहीत असायचं, तरी फसायचा. १९८९ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे एव्हर्टन, पोर्ट्समथ, मग एमएलएसमध्ये कॅन्सस सिटी. १९९७ ला एमएलएसचा सर्वोत्तम खेळाडू, आणि पुन्हा २००३ ला, वयाच्या चाळिशीत! दोनदा तो मान मिळवणारा पहिलाच. १९९८ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसला अमेरिकेने ब्राझीलला १–० ने हरवलं, तो गोल याचाच. तो व्हिडिओ मिळाला तर बघ. बॉक्सच्या बाहेर जागा करून घेण्याची ती सवय भिंतींमधली आहे, असं माझं ठाम मत. भिंतीत तुला जागा कोणी देत नाही, तूच पायाने खणून काढतोस.

१९८८ मध्ये त्याच टीममध्ये ब्रायन श्मेट्झर नावाचा सीॲटलचाच एक मुलगा आला. शाळा संपवून १९८० मध्ये सीॲटल साउंडर्सकडून करारबद्ध झालेला, मग तो क्लबच बुडाला, टल्सा झालं, सॅन डिएगो झालं, आणि फिरून टॅकोमा. चांगला, मेहनती खेळाडू. पण तिकीट काढून खास त्याला बघायला कोणी येत नसे. लोक प्रेकीला बघायला यायचे. दोन हंगाम हे दोघे एकाच बाकावर बसले, बोर्डातल्या बदलीच्या एकाच दारातून आत-बाहेर करत राहिले.

पुढचं ऐक. प्रेकी २००५ मध्ये थांबला आणि लगेच २००६ मध्ये एमएलएसमधल्या चिवास यूएसए क्लबमध्ये सहायक झाला. मुख्य कोच बॉब ब्रॅडली राष्ट्रीय संघाकडे गेले आणि २००७ ला सूत्रं याच्याकडे आली. पहिल्याच वर्षी टीम पश्चिम विभागात पहिली, आणि हा वर्षाचा सर्वोत्तम कोच. (प्लेऑफमध्ये मात्र त्याच्याच जुन्या कॅन्सस सिटीने बाहेर काढलं.) तीन हंगामांनंतर टोरांटो, आणि तिथून २०१० चा हंगाम संपायच्या आत सुट्टी. मग २०१४ ला सॅक्रामेंटो रिपब्लिक हा नवाकोरा क्लब घेतला आणि पहिल्याच हंगामात खालच्या लीगचं विजेतेपद आणलं. नंतर सेंट लुईस. म्हणजे वर, खाली, पुन्हा वर. मोठ्या खेळाडूच्या कोचगिरीचा आलेख असाच असतो. दार लवकर उघडतं आणि तितक्याच लवकर बंदही होतं.

श्मेट्झरची वाट निराळी. नव्वदच्या दशकात सीॲटल सीडॉग्ज नावाच्या इनडोअर टीममध्ये तो खेळत होता आणि कोचला मदतही करत होता. ती टीम १९९७ ला विजेती झाली आणि बंद पडली. इनडोअरमध्ये हे दोन्ही एकाच वर्षात होऊ शकतं, त्याचं कोणाला नवल वाटत नाही. मग गड्याने बांधकामाचा धंदा केला. २००२ मध्ये खालच्या लीगमधल्या साउंडर्सचा मुख्य कोच झाला, २००५ आणि २००७ ला ती लीग जिंकली. २००९ मध्ये साउंडर्स एमएलएसमध्ये गेले, तेव्हा क्लबने मोठ्या नावाचे सिगी श्मिड आणले आणि याला सहायक केलं. स्वतःच्या गावात, स्वतः सांभाळलेल्या क्लबमध्ये एक पायरी खाली. किती जण थांबले असते? हा थांबला, सात वर्षं. २०१६ च्या जुलैमध्ये टीम पश्चिम विभागात तळाजवळ असताना सूत्रं याच्या हाती दिली, आणि डिसेंबरमध्ये हे लोक एमएलएस कप घेऊन आले. फायनलमध्ये १२० मिनिटांत गोलच्या दिशेने एकही फटका नाही, आणि जिंकले पेनल्टीवर! मग २०१९ ला पुन्हा कप, २०२२ ला कॉन्काकॅफ चॅम्पियन्स लीग, म्हणजे उत्तर-मध्य अमेरिकेतल्या क्लबांची स्पर्धा.

आणि २०१८ पासून त्याच्या शेजारी सहायक म्हणून कोण बसलं? प्रेकी.

मी हे अनेकांना सांगितलंय आणि प्रत्येक जण म्हणतो, बघा, नशीब. मला तसं वाटत नाही. माझा अंदाज असा, की टॅकोमाच्या त्या बाकावर दोघं वेगवेगळ्या गोष्टी बघत होते. ज्याला पन्नास सेकंदांनी आत जाऊन सामना फिरवायचाय, तो चेंडू बघतो. ज्याला आपली पाळी कधी येते ते बघायचंय, तो दार बघतो. कोण दमलाय, कोण चिडलाय, कोणाची जोडी कोणाशी जमत नाही, समोरच्यांनी बदली केली की नाही. हा माझा तर्क आहे, त्या दोघांना मी भेटलेलो नाही. पण स्वतःवर आलेला अनुभव मात्र पक्का आहे.

माझी पहिली टीम बारा वर्षांखालची, नऊ पोरं-पोरी. पहिल्या मॅचला मी बोर्डावर कोपर टेकून उभा आणि तोंडाचा पट्टा चालू. "टर्न! वॉल! वॉल वापर! शूट!" मी आत नव्हतो एवढंच, बाकी खेळत मीच होतो. ४–२ ने जिंकलो. मी खूश. बाहेर येताना एका मुलीची आजी भेटली, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली, अंगावर लेकाचं जॅकेट आणि कानाला मफलर. मला म्हणाली, "सर, खेळ छान झाला हो. पण आमची पोरगी आत कधी गेली ते मला दिसलंच नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालंय माझं, म्हणून विचारते." आजींचे डोळे शाबूत होते. दुसऱ्या हाफमध्ये मी त्या मुलीला एकदाही आत पाठवलं नव्हतं. मुद्दाम नाही रे. ती माझ्या लक्षातच नव्हती. मी चेंडू बघत होतो.

त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्या शनिवारी मी एक कागद बेंचच्या आतल्या बाजूने बोर्डाला चिकटवला. नावं, आणि पुढे शिफ्टच्या रेघा. दर दीड मिनिटाला एक जोडी बाहेर, एक आत. तोंड बंद, कारण हातात पेन. महिन्याभरात मला जे दिसायला लागलं ते चौदा वर्षं खेळून दिसलं नव्हतं. कोणता मुलगा तिसऱ्या शिफ्टनंतर मागे धावायचं सोडतो. कोणती दोघं एकत्र गेली की एकमेकांनाच पास देतात. चूक करून बाहेर आलेलं पोर बेंचवर कुठे बसतं, माझ्याजवळ की लांब टोकाला. लांब बसलं तर त्याच्याशी बोलायचं असतं, आणि तेही चुकीबद्दल नाही.

मैदानी कोचला हे शिकायला फार वेळ लागतो, कारण त्याच्याकडे बदल्या मोजक्या. इनडोअरमध्ये एका मॅचला तू साठ-सत्तर वेळा ठरवतोस की आता कोण. इतका सराव दुसरीकडे कुठे मिळणार? या खेळातून खेळाडू-कोच निघायचे ते उगाच नाही. डॅलसचा टाटू बघ, तो ब्राझीलचा, गोल केला की अंगातली जर्सी काढून प्रेक्षकांत भिरकावणारा. नंतर खेळत खेळतच तो टीमचा कोच झाला. किंवा कीथ टोझर, तोही आधी खेळाडू-कोच, पुढे मिलवॉकी वेव्हला वीसहून अधिक वर्षं सांभाळून सहा विजेतेपदं आणणारा. यात पैशाचाही भाग होता, एका पगारात दोन कामं. आणि खेळाडूंना पगार पुरत नसल्याने ते दिवसा पोरांची शिबिरं घ्यायचे; आजही घेतात. म्हणजे कोचगिरी निवृत्तीनंतर सुरू होत नव्हती, ती आधीपासूनच भाकरीचा भाग होती.

आता कडू भाग. भिंतीने तुला काही वाईट सवयी लावल्या आहेत आणि त्या तू पोरांना देणार. मी दिल्या.

सगळ्यात मोठी सवय म्हणजे घाई. आत चेंडू आला की मार, चुकला तरी भिंतीवरून परत येतो. बाहेर चुकलेला चेंडू परत येत नाही, तो शेजारच्या मैदानात जातो आणि तो आणायला जाणारं पोर दोन मिनिटं गायब. माझी पोरं पहिल्या वसंतात बाहेर आली आणि चाळीस मिनिटं नुसती फटके मारत होती. दुसरं, रुंदी. आत कडेला उभा राहिलेला खेळाडू म्हणजे भिंतीला चिकटलेली पाल, त्याचा उपयोग कमी, म्हणून सगळे मध्ये घुसतात. बाहेर कडेवर पाय ठेवून उभं राहणं ही कला आहे आणि ती मला स्वतःला येत नव्हती. ऑफसाइडचं तर विचारूच नकोस. (नऊ-दहा वर्षांच्या पोरांना बिल्ड-आउट लाइन नावाची मैदानावर आखलेली वेगळी रेघ असते, ते निराळं प्रकरण. नियमपुस्तिका वाच, आईबापांनी तुझ्या आधी वाचलेली असते.) हेडिंगचं टेन्शन घेऊ नकोस, दहा वर्षांपर्यंत अमेरिकन फेडरेशनने ते बंदच ठेवलंय.

यावर मी काय केलं? एका मैदानी कोचच्या हाताखाली एक अख्खा हंगाम कोन गोळा केले. खरंच, कोन ठेवणं आणि उचलणं. ती बाई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, कॉलेजात बचावफळीत खेळलेली. तिने मला एकच व्यायाम शिकवला तरी पैसे वसूल झाले असते. चार विरुद्ध दोन, मोठ्या चौकोनात, आणि पास घेण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघितलं नाही तर चेंडू समोरच्यांचा. भिंतीत आपण मागे बघत नाही, कारण मागे भिंत असते हे माहीत असतं. तुझ्या पोरांना पहिल्या दिवसापासून मान वळवायला लाव. आणि भिंतीची चांगली सवयही सोडू नकोस. कोपऱ्यात अडकल्यावर तळव्याने चेंडू मागे ओढणं, पाठीवर माणूस घेऊन वळणं, एका स्पर्शात परत देणं, हे आत खेळलेल्या पोरांना बाहेरच्यांपेक्षा सहज जमतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. आधी यूएस सॉकरचे (तेच अमेरिकन फेडरेशन) ग्रासरूट्स, म्हणजे प्राथमिक, कोर्स कर, दोन-तीन शनिवार-रविवारची गोष्ट आहे. त्याच्यावर डी, सी, बी, ए अशी लायसन्सची उतरंड. मुलांसोबत काम करायचं तर सेफस्पोर्टचं, म्हणजे खेळाडूंच्या सुरक्षिततेचं, प्रशिक्षण आणि पार्श्वभूमीची तपासणी लागते, क्लब सांगेल. उद्या भारतात परतलास तर तिथली डी-सी-बी-ए ची शिडी आहेच, शिवाय आशियाई महासंघाचे फुटसालचे वेगळे कोर्स आहेत. टर्फ इतके झालेत की ते करून ठेवलेल्याला पुढे काम मिळेल असं मला वाटतं.

एक महत्त्वाचं, जे तुला क्लबवाला सांगणार नाही कारण त्याला माहीत नसतं. तू एच-वन-बीवर असशील तर कोचिंगचा एक डॉलरही घेऊ नकोस. त्या व्हिसावर नोकरी फक्त ज्याने अर्ज केलाय त्याच्याकडे. आईबाप जिथे कायम फुकटच कोचिंग करतात तिथे स्वयंसेवक म्हणून उभं राहणं वेगळं. "मानधन", "पेट्रोलचे", "गिफ्ट कार्ड" असं काही पुढे आलं की हात जोड आणि आधी वकिलाला विचार. आमच्या ओळखीतल्या एकाने विचारलं नाही आणि ग्रीन कार्डच्या वेळी फुकट डोकेदुखी मागे लावून घेतली.

आणि करिअर? ३१ व्या वर्षी, व्यावसायिक खेळलेला नसताना, नोकरी सोडून यावर जगता येईल का, याचं माझं उत्तर नाही. इथे पूर्णवेळ कोच म्हणून जगणारे बहुतेक जण दोन-तीन क्लब, उन्हाळी शिबिरं आणि खासगी शिकवण्या मिळून महिना ओढतात, आणि संध्याकाळी कधीच घरी नसतात. बायकोशी हे आधी बोल. पण नोकरी सांभाळून दहा वर्षांत बी लायसन्स, एका चांगल्या क्लबमध्ये एका वयोगटाची जबाबदारी, हे अगदी होण्यासारखं आहे. मी ते झालेलं बघितलंय, एकाचं नाही, चौघांचं. माझं सी वर अडकलंय, कारण मी आळशी आहे.

गुडघ्याचं मात्र डॉक्टरला दाखव. इनडोअरच्या कार्पेटवर बूट अडकतो आणि गुडघा फिरतो. माझं लिगामेंट असंच गेलं, तेही कोणी न ढकलता, एकट्याने वळताना. कोचलाही गुडघा लागतो, दहा वर्षांच्या पोराशी बोलायला खाली बसावं लागतं.

क्लबला हो म्हण. पण टीम हातात घेण्याआधी एक शनिवार दुसऱ्या कोणाच्या मॅचला त्यांच्या परवानगीने बेंचच्या टोकाला बस आणि फक्त दार बघ. कोण किती वेळ आत, कोण बाहेर, बाहेर आल्यावर कुठे बसलं, एवढंच लिही. स्कोअर लिहू नकोस. कागद चिकटवायला टेप घरून ने, त्या हॉलमध्ये कधीच मिळत नाही.